शांगाझी, गप्प

काबुला कामाला जायची त्या कचेरीत सहा माणसं होती आणि एक आत्या. ही आत्या म्हणजे कुणी बाई नव्हे. प्रोग्राम लिहून झाला की तो वर सर्व्हरवर चढवण्याआधी ओळ न् ओळ वाचून खोड काढणारं ते एक अवजार होतं. जगात त्याला लिंटर म्हणतात, पण सरोवराकाठच्या म्वान्झा शहरातल्या या कचेरीत सगळे त्याला शांगाझी म्हणत. शांगाझी म्हणजे बापाची बहीण. लग्नघरात भाताला मीठ कमी पडल्यापासून नवरीच्या पदरापर्यंत जिच्या नजरेतून काही सुटत नाही आणि दिसलेलं बोलून दाखवल्याशिवाय जिला राहवत नाही, ती. हे नाव ठेवलं होतं कामुगिशानं. कामुगिशा म्हणजे काबुलाच्या शेजारच्या टेबलावरचा. आयुष्यात त्यानं केलेली ही एकच गोष्ट सगळ्यांना एकमतानं पसंत पडली होती.

शांगाझीला शेकडो नियम शिकवलेले असतात आणि सेटिंगच्या फाइलीत प्रत्येक नियमापुढं एक शब्द लिहायचा असतो. शब्द तीनच. पहिला लिहिला की तो नियम झोपतो. दुसरा लिहिला की शांगाझी पिवळ्या अक्षरांत कुरकुर करते, पण वाट सोडते. तिसऱ्यानं ती लाल होते आणि दारात आडवी पडते, मग चूक निस्तरल्याशिवाय कोडची एक ओळही पुढं जात नाही. कचेरीत या तिन्हींना झोप, कुरकुर आणि दार एवढंच म्हणायची पद्धत होती.

कचेरीचा मालक मालिमी हा कुणाचं मन मोडायला घाबरणारा माणूस. सहा वर्षांपूर्वी त्यानं सगळेच्या सगळे नियम कुरकुरीवर ठेवले, म्हणजे कुणाचं अडायला नको. झालं असं की शांगाझी रोज एक हजार नऊशे बारा तक्रारी करायची आणि रोज त्यातली एकही कुणी वाचायचं नाही. इथं एक जागा जास्त सुटली, तिथं ओळ लांबली, अमक्या नावाचं पहिलं अक्षर मोठं हवं होतं. बडबड्या माणसाचं होतं तेच तिचं झालं. या सगळ्या कलकलाटात एक तक्रार अशी होती की जिच्याकडं दुर्लक्ष केलं तर माणसाचा डोळा जाईल. तीही बिचारी बाकीच्यांसारखीच पिवळी होती.

डोळा गेला तो काबुलाच्या खऱ्या आत्याचा.

ते कसं झालं हे सांगायचं तर घड्याळापासून सुरुवात करावी लागेल. आमच्याकडं दिवस उजाडला की तास मोजायला लागतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, आठ म्हणजे दुसरा, साआ म्बिली. दुपारचे दोन म्हणजे आठवा, साआ नाने. संगणकाला यातलं काही कळत नाही, त्याच्या पोटात आठ म्हणजे आठच. म्हणून प्रोग्राम त्याच्याकडून आठ घेतो, त्यातून सहा वजा करतो आणि लोकांच्या फोनवर ‘साआ २’ असा निरोप धाडतो. माणसांना यात काहीच अवघड वाटत नाही. इंग्रजी बोलताना आठ म्हणायचं, स्वाहिली बोलताना दोन; जीभ बदलली की घड्याळ आपोआप बदलतं. पण कोड लिहिताना बोटं कोणत्या भाषेत चालली आहेत, हे कधी कधी बोटांनाही ठाऊक नसतं.

म्हणून मालिमीनं स्वतःच एक नियम लिहून ठेवला होता. संगणकाच्या तासाला ‘अवर’ म्हणायचं, आपल्या तासाला ‘साआ’ म्हणायचं, आणि यातलं त्यात ओतायचं ते वजाबाकीच्या चाळणीतूनच. कुणी थेट ओतलं की शांगाझीनं सांगायचं. ती सांगतही होती. एक हजार नऊशे बारांमध्ये दोनशे चौदा वेळा.

आत्या उकेरेवे बेटावर नान्सिओला राहायची आणि शाळेचे गणवेश शिवायची. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. त्याची शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर तीन महिन्यांतून एकदा म्वान्झाच्या इस्पितळात येतो. निरोप आला, ‘सोमवार, साआ ८’. आत्यानं शेजारणीकडून तो वाचून घेतला, सोमवारी सकाळची बोट धरली, घाटावर उतरून निवांत मक्याच्या पिठाची उगाली आणि मासा खाल्ला आणि दुपारी अर्धा तास आधीच जाऊन इस्पितळाच्या बाकावर बसली. खिडकीतल्या माणसानं सांगितलं की नावं सकाळी साआ २ लाच घेतली, डॉक्टर आता बुकोबाच्या विमानात असेल. आत्या दुसऱ्या दिवशीच्या बोटीनं परत गेली. पुढच्या तीन महिन्यांत तिचा डावा डोळा विझला. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नसते.

आत्याची समजूत अशी की शेजारणीनंच चुकीचं वाचलं. तिच्याशी तिनं बोलणं टाकलं होतं. काबुलाला यातलं काही ठाऊकच नव्हतं. गेल्या रविवारी ती बेटावर गेली, आत्याचा फोन सहज चाळला आणि तो निरोप तिला दिसला. खाली तिच्याच कचेरीचं नाव होतं.

“आत्या, हे शेजारणीनं नाही केलं,” ती म्हणाली. “हे आमच्या प्रोग्रामनं केलं.”

आत्यानं उजव्या डोळ्यानं तिच्याकडं बघितलं. मग म्हणाली, “म्हणजे त्या बाईला मी तीन महिने उगाच तोंड दाखवलं नाही? बरं. कुणी केलं ते शोधून काढ. सापडला की मला सांग. त्याच्या ताटातला मासा जन्मभर काट्यांचाच निघू दे.”

“सापडला की सांगते.”

“नुसतं शोधू नकोस. पुन्हा कुणाचं असं होणार नाही, ते बघ.”

काबुला बेटावरून परतली ती हे एक काम डोक्यात घेऊनच. तिच्या मनात तेव्हाच एक नाव पक्कं झालं होतं, कामुगिशाचं. प्रोग्राममधला निरोप लिहिण्याचा भाग त्यानं केलेला होता.

गुरुवारी सकाळच्या चहाच्या वेळी ती मालिमीच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. आत्याचं तिनं त्याला आधीच सांगितलं होतं.

“बॉस, तासाचा नियम दारावर घ्यायचा.”

मालिमीनं तळलेली गोड मंदाझी चहात बुडवली. “कुरकुर करते ना ती? पुरे की.”

“कुरकुर कोण वाचतं? तुम्ही शेवटची कधी वाचलीत?”

“मीच लिहिलाय तो नियम.”

“म्हणून तर विचारते.”

मालिमी हसला आणि मग हसायचा थांबला. “हे बघ पोरी. बुधवारी नवा प्रोग्राम वर चढवायचाय. त्यानंतरच्या सोमवारच्या डोळ्यांच्या शिबिराचे निरोप त्याच्यातूनच जायचेत. दोनशे चौदा ठिकाणी शांगाझी आडवी पडली तर बुधवारी काहीच वर जाणार नाही. निरोपच गेला नाही तर काय करशील?”

“निरोप आला नाही तर माणूस विचारायला येतो, बॉस. चुकीचा आला तर तो विश्वास ठेवतो.”

“मागच्या वेळची चूक आपली नव्हती. अकरा जणांना चुकीचा तास गेला, अकराही बेटांवरचे. बेटांची नोंद करणाऱ्या कारकुनानं तास चुकीचा भरला असणार. मी तसं पत्रही धाडलंय इस्पितळाला.”

“असणार,” काबुला म्हणाली. “बघितलं कुणी?”

“तुझ्या आत्याची काळजी असेल तर फोन करून सांग तिला. साआ म्बिली. दोन शब्दांचं काम.”

“मी सांगेन हो. ज्यांची भाची इथं कामाला नाही, त्यांना कोण सांगणार?”

कोंडीत सापडला की मालिमी मुदत देतो, हे सगळ्या कचेरीला माहीत होतं. मंगळवारी साआ ११, म्हणजे संध्याकाळचे पाच. तोवर दोनशे चौदाचं शून्य झालं तर नियम दारावर जाईल. एक जरी उरली तरी शांगाझी कुरकुरच करणार आणि काबुलानं हा विषय परत काढायचा नाही.

“ठरलं,” काबुला म्हणाली आणि त्याच्या बशीतली एक मंदाझी उचलून निघाली.

पहिलं काम तिनं केलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. दुसरा कुणी असता तर थेट चुका दुरुस्त करायला बसला असता. तिनं सेटिंगची फाइल उघडली आणि नियम झोपवायला सुरुवात केली. जादा सुटलेल्या जागा, झोप. ओळीची लांबी, झोप. स्वल्पविरामाचा हट्ट, झोप. दुपारपर्यंत एकतीस नियम घोरायला लागले. एक हजार नऊशे बाराचे तीनशे आठ झाले आणि स्क्रीनवर पहिल्यांदाच शांगाझीचं बोलणं एका नजरेत मावलं.

कामुगिशाची किंकाळी शुक्रवारी सकाळी ऐकू आली.

“माझे स्वल्पविराम कुणी झोपवले?”

“मी.”

“अगं काय केलंस हे! ओळीच्या शेवटी स्वल्पविराम नसलेला कोड म्हणजे बनियनवर लग्नाला जाणं.”

“बुकोबाहून आलास ना तू? तुमच्याकडं इस्त्री आधी आणि शर्ट मागाहून.”

“आणि तुम्ही इथली सुकुमा मंडळी? शर्टच नको, हवा येऊ दे.”

“कामुगिशा, ऐक. चोवीस तास ओरडणाऱ्या बाईचं ‘आग लागली’ कुणाला ऐकू येतं का? मला तिचा आवाज एका जागेसाठी हवाय.”

तो गुरगुरत खुर्चीत बसला. बराच वेळ त्यानं फाइल वरखाली केली. “स्वल्पविरामाचा एक नियम परत दे. बाकीचं घे तुझं.” तिनं दिला. माणसाचं एखादं वेड सांभाळलं की तो पुढं कामाला येतो, हे तिला आत्यानंच शिकवलं होतं.

मग सुरू झाली खरी उस्तवार. प्रत्येक ठिकाणी थांबायचं, हा आठ कुठल्या भाषेतला आहे ते शोधायचं, ‘अवर’ असेल तर तसं नाव द्यायचं, ‘साआ’ असेल तर चाळणीतून घालायचं. काही ठिकाणी नावच नसायचं, नुसता उघडा आकडा. त्याच्या मागं मागं जावं लागायचं, पोर कुणाचं ते विचारत घरोघर फिरावं तसं. शुक्रवारी संध्याकाळी एकशे सत्तर उरल्या. शनिवारी कचेरीच्या पत्र्यावर करकोचे खडखड चालत होते आणि आत ती एकटी होती. एकशे चार. रविवारी चर्चमधून आली ती थेट तिथंच. एकसष्ट.

सोमवारी दिवस उजाडताच वीज गेली. कचेरीचे बाकी पाच जण बाहेर खडकावर सावलीला बसून गप्पा ठोकू लागले. काबुलानं संगणक काखोटीला मारला आणि रस्त्यापलीकडच्या न्हाव्याचं दुकान गाठलं, कारण त्याच्याकडं जनरेटर होता.

“केस कापायचेत?” न्हाव्यानं विचारलं.

“नाही. कोपरा पाहिजे आणि एक प्लग.”

“गिऱ्हाईक नाही आणि प्लग पाहिजे. बस. पण पंख्याखाली बसू नकोस, केस उडतात.”

दिवसभर तिच्या डोक्यावर यंत्र गुरगुरत होतं, मांडीवर लोकांचे केस पडत होते आणि आकडा उतरत होता. एकोणपन्नास. तेहतीस. दुपारी कामुगिशा वाकून आत आला, तिच्याशेजारी बाकावर बसला आणि स्वतःचा संगणक उघडला.

“शेवटच्या वीस दे इकडं,” तो म्हणाला. “निरोपाचा भाग माझा आहे. घाण असेल तर माझी मीच काढतो.”

काबुलाला बरं वाटलं आणि लगेच जरा वाईटही वाटलं. हा स्वतःहून आपल्या चुकीकडं चालला आहे आणि याला ते ठाऊक नाही, असं तिच्या मनात आलं. तिनं वीस ओळी त्याला दिल्या.

मंगळवारी वीज आली आणि साआ ८ ला कचेरीतच शून्य झालं. मुदतीला तीन तास होते. कामुगिशाच्या वीस ओळींत चुका निघाल्या, पण आत्याच्या निरोपाशी त्यांचा काही संबंध नव्हता. काबुलानं मागच्या शिबिराची यादी नव्या प्रोग्राममधून घालून बघितली. अडतीस नावं. सत्तावीस निरोप ‘साआ २’ म्हणाले. अकरा निरोप ‘साआ ८’ म्हणाले. अकरावं नाव आत्याचं होतं.

तिनं शांगाझी पुन्हा चालवली. शांगाझी म्हणत होती की सगळं स्वच्छ आहे.

“यादीतच आठचं काही वेगळं असेल,” कामुगिशा म्हणाला.

“बघितलं. कारकुनानं बरोबर भरलंय. संगणकाचे आठ, जसे हवेत तसे. त्याची चूक नाही.”

“मग शांगाझीला दिसत कसं नाही?”

दोघांनी पुन्हा स्क्रीन वरखाली केली. मग कामुगिशा हळूच म्हणाला, “तिला कुणी गप्प केलं असेल तर?”

ती सोय होती खरी. एखादी ओळ तपासायची नसेल तर तिच्या डोक्यावर एक शेरा लिहायचा, ‘शांगाझी, गप्प’, आणि पुढं कारण द्यायचं. मग शांगाझी त्या ओळीवरून मान फिरवून पुढं जाते. ना लाल, ना पिवळी, आकड्यातही धरत नाही. असा शेरा मोजक्या वेळी, अगदी गरज पडली तरच लिहायचा, असं मालिमीनं सगळ्यांना बजावलेलं होतं.

काबुलानं सेटिंगच्या फाइलीत आणखी एक ओळ घातली. तासाच्या नियमापुरते कुणाचेही गप्प मानू नकोस. शांगाझी पुन्हा धावली आणि या वेळी शून्याच्या जागी नऊ आले.

नऊ ओळी, नऊ शेरे, आणि कारणाच्या जागी नऊच्या नऊ ठिकाणी एकच शब्द. बादाये. मागाहून. आमच्याकडं निरोप घेतानाही हाच शब्द म्हणतात. दारातून हात हलवायचा, बादाये म्हणायचं आणि निघून जायचं. त्या मागाहूनचा दिवस कुणी नेमत नाही.

दोन शेरे मालिमीचे निघाले. चार जुन्या, सोडून गेलेल्या माणसांचे; हे सहाही काबुलानं दुरुस्त केले. दोन कामुगिशाचे, ते त्यानं तोंडानं ‘च्च’ करत स्वतःच दुरुस्त केले. नववा शेरा बेटांवरून येणाऱ्या नोंदी वाचणाऱ्या भागात होता. तिथं कुणीतरी संगणकाचे आठ उचलून जसेच्या तसे ‘साआ’त ओतले होते. वजाबाकी नाही, चाळणी नाही, काही नाही. कुणी कुठली ओळ कधी लिहिली याची नोंद प्रोग्राम ठेवतोच. काबुलानं ती उघडली.

काबुला मासुंगा. अडीच वर्षांपूर्वीची तारीख. तिच्या नोकरीचा तिसरा आठवडा.

आठवायला फार वेळ लागला नाही. इस्पितळाचे लोक प्रोग्राम बघायला यायचे होते, शांगाझी ओरडत होती, तिला नवखेपणाची लाज वाटत होती. पाच मिनिटांचं काम होतं. तिनं ते मागाहून करायचं ठरवलं आणि नंतर ती ते सपशेल विसरली. अडीच वर्षं ती ओळ तिथं बसून होती. त्यातून दर शिबिराला किती बेटवाले चुकीच्या तासाला आले असतील आणि शेजारणीला दोष देत परत गेले असतील, कोण जाणे.

कामुगिशा पाणी प्यायला उठला होता. स्क्रीन तिच्याखेरीज कुणी पाहिली नव्हती. ओळ दुरुस्त करायला पाच मिनिटं लागली असती, तेव्हाही पाचच लागली असती. शेरा पुसला असता, शून्य झालं असतं, मालिमीनं नियम दारावर घेतला असता. आत्याला सांगता आलं असतं की सोडून गेलेला कुणीतरी होता. हे सगळं तिच्या मनात आलं, खोटं कशाला बोलायचं. तिला स्वतःची इतकी चीड आली की कान तापले.

तिनं ओळ दुरुस्त केली. यादी पुन्हा चालवली, अडतीसपैकी अडतीस ‘साआ २’. मग ती उठली आणि मालिमीच्या टेबलापाशी जाऊन कचेरीभर ऐकू जाईल असं म्हणाली, “बॉस, शून्य झालं. आणि मागच्या वेळी तो तास मी चुकवला होता. कारकुनानं नाही. माझी ओळ आहे, माझाच शेरा आहे. इस्पितळाला दुसरं पत्र धाडा. त्यात माझं नाव घाला.”

पाणी घेऊन आलेला कामुगिशा दारातच थांबला.

मालिमीनं चष्मा काढला. “नाव कशाला घालायचं? कचेरीची चूक म्हणू.”

“त्या कारकुनाचं नाव घातलंत ना?”

मालिमी चष्मा पुसत बसला. नंतर म्हणाला, “माझे किती शेरे निघाले?”

“दोन.”

“कारण काय लिहिलंय?”

“बादाये.”

त्यानं तोंडावरून हात फिरवला आणि खुर्ची तिच्याकडं सरकवली. “बस. तूच कर.”

काबुलानं सेटिंगची फाइल उघडली आणि तासाच्या नियमापुढचा ‘कुरकुर’ खोडून ‘दार’ लिहिलं. मालिमीचा अजून विश्वास बसेना. त्यानं मुद्दाम एक चुकीची ओळ लिहिली, वर ‘शांगाझी, गप्प’ असा शेरा घातला आणि कोड वर धाडायचं बटण दाबलं. स्क्रीन लाल झाली. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा लाल.

“ही तर मलाही जाऊ देत नाही,” तो म्हणाला.

“मालकालाही नाही,” कामुगिशा म्हणाला. “आता झाली खरी आत्या.”

पत्र त्याच संध्याकाळी गेलं, काबुलाच्या नावासकट. बुधवारी साआ ४ ला प्रोग्राम वर चढला आणि निरोप सुटले. शांगाझीनं तासाबद्दल एक अक्षरही काढलं नाही.

आत्या रविवारच्या बोटीनं आली आणि रात्री काबुलाकडंच राहिली. जेवताना काबुलानं तिच्या ताटातल्या माशाचे काटे काढून दिले. सांगायचं म्हणून तिनं दोनदा तोंड उघडलं, पण आत्या शेजारणीशी पुन्हा बोलणं कसं सुरू झालं ते रंगवून सांगत होती आणि काबुलाला मधे तोडवेना. अंथरुणावर पडल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण पुन्हा मागाहून म्हणालो. मग तिला झोप लागली नाही.

सकाळी साआ २ ला इस्पितळाचा व्हरांडा भरलेला होता. बेटांवरची माणसं वेळेवर आली होती, आदल्या रात्रीच येऊन नातेवाइकांकडं उतरलेली. खिडकीत बेटांची नोंद करणारा तोच कारकून होता. काबुला आधी त्याच्यापाशी गेली, ‘शिकामो’ म्हणून वडीलधाऱ्यांना करतात तसा नमस्कार केला आणि आपण कोण ते सांगितलं. तो वयानं बराच मोठा होता. तो नमस्कार घेत पुटपुटत “मारहबा” म्हणाला, “पत्र वाचलं मी,” म्हणाला, आणि पुढचं नाव लिहायला वळला. त्यानं माफ केलं की नाही ते तिला कळलं नाही, आणि विचारायचा हक्क आपल्याला नाही हेही तिला कळत होतं.

ती येऊन आत्याशेजारी बाकावर बसली.

“आत्या.”

“काय गं?”

“तो सापडला.”

आत्या एकदम ताठ झाली. “कोण होता मेला?”

“मी.”

बाकावर पलीकडं एक म्हातारा खोकत होता. नर्स कुणाचं तरी नाव पुकारून आत गेली. आत्यानं मान पूर्ण वळवली, कारण काबुला तिच्या डाव्या बाजूला बसली होती आणि त्या बाजूनं तिला काही दिसत नव्हतं.

“तू?”

“नोकरीला लागले तेव्हा. पाच मिनिटांचं काम होतं. मागाहून करते म्हणाले आणि विसरले.” तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. “आता ते पुन्हा कुणालाच करता येणार नाही. मलासुद्धा नाही. तेवढं मी केलंय. पण तुझा डोळा माझ्यामुळं गेला, आत्या.”

आत्यानं ‘असू दे’ म्हटलं नाही, ‘तू काय मुद्दाम केलंस’ असंही म्हटलं नाही. मांडीवरच्या कांगाच्या छापील वस्त्राचं टोक ती बोटांनी चाचपत राहिली, शिवण तपासावी तसं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काबुलाला वाटलं, हिनं आता चार शिव्या घालाव्यात. शिव्याही आल्या नाहीत.

नर्स दारात आली आणि तिनं आत्याचं नाव घेतलं.

आत्या उठली. दोन पावलं एकटीच गेली आणि दाराशी थबकली. तिथं एक पायरी होती. ती तशीच उभी राहिली, दाराकडं तोंड करून. मग मागं न बघता तिनं आपला डावा हात बाजूला धरला.

“बसलीस काय अशी?” ती म्हणाली. “पायरी सांग मला.”

काबुला धावली आणि तिनं तो हात घट्ट धरला.

“एकच आहे, आत्या. इथं. आता.”